गाडी ऑईल का खाते?

जुनी गाडी घेतलेल्या माणसाला एका वाक्याची फार धास्ती असते. ते म्हणजे, "साहेब, इंजिन उतरवावे लागेल." गाडी ऑईल खाऊ लागली की मेस्त्री हे बोलणारच. परंतु ऑईल कमी होण्याची कारणे अनेक असतात. काही किरकोळ खर्चाची, काही कंबरडे मोडणारी. तेव्हा इंजिन उघडण्याआधी निदान झाले पाहिजे.

ऑईल जळते की गळते, हे प्रथम पाहावे. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरले तर बहुधा सकाळी उत्तर मिळते. चालू इंजिनातूनच होणारी गळती मात्र कागदावर उमटत नाही. त्यासाठी इंजिनाच्या बाजू ओलसर आहेत का, ते पाहावे लागते.

गळती नसेल तर धुराकडे वळावे. काळा धूर जादा पेट्रोलचा, पांढरा पाण्याच्या वाफेचा आणि निळसर धूर जळणाऱ्या ऑईलचा. तो केव्हा येतो हे रंगाइतकेच महत्त्वाचे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच एक लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलांवर संशय घ्यावा. रात्री त्यांतून ऑईल खाली झिरपलेले असते. खंडाळ्याचा घाट अॅक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पुन्हा पाय देताच लोट आला, तरी तेच. पाय उचलला की इंजिनात ओढ निर्माण होते आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्यालगत ऑईल खेचते. उलट, घाट चढताना सतत धूर येत असेल तर दोष बहुधा रिंगांचा.

पुढची पायरी कॉम्प्रेशन मोजण्याची. इंजिन गरम करून, सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब घ्यावा. काढलेल्या प्लगांपैकी कोणता ऑईलने माखला आहे, तेही बघून ठेवावे. ज्या सिलिंडरचा दाब कमी, त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली आहे, कारण ऑईलने ती फट क्षणभर बुजली. वाढला नाही, तर दाब व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून निसटतो आहे. दाब सर्वत्र चांगला असूनही ऑईल जळत असेल, तर सील, व्हॉल्व्हचे गाइड, अथवा कार्बनने अडकलेली ऑईल रिंग पाहावी. इंजिनातील वाफा परत आत नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तरीही ऑईल खेचले जाते. तो बदलणे सर्वांत स्वस्त. कदाचित म्हणूनच तो कोणाला आठवत नाही!

हल्लीच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर गिळतो आणि त्यापायी हळूहळू स्वतः निकामी होतो. तेथे धुराच्या रंगावर विसंबता येत नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डीपस्टिक पाहावी आणि हजार किलोमीटरला किती ऑईल घातले, ते वहीत टिपत जावे.