सत्यासाठी शांत कान

मुलांनी खरे बोलावे, अशी प्रत्येक घराची अपेक्षा असते. ते खरे ऐकताना शांत राहणे मात्र थोरांनाच जड जाते.

महात्मा गांधींनी ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत आपल्या १५व्या वर्षातील चोरी सांगितली आहे. थोरल्या भावाचे सुमारे २५ रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा कापला. कर्ज फिटले, पण मन स्वस्थ राहिना. अखेर त्यांनी अपराध चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिला व शिक्षाही मागितली. वडिलांनी उठून चिठ्ठी वाचली. त्यांचे अश्रू कागदावर पडले. मग चिठ्ठी फाडून ते पुन्हा आडवे झाले. पिता रागावेल, ही पुत्राची भीती खोटी ठरली.

भगवद्गीतेच्या १७व्या अध्यायात सत्य, प्रिय व हितकर बोलणे हे वाणीचे तप म्हटले आहे. लगेच पुढच्या श्लोकात मनाची प्रसन्नता हे मनाचे तप सांगितले आहे. घरात पहिले तप मुलांकडून हवे असेल, तर दुसरे वडीलधाऱ्यांनी आचरावे. मुलगा वा मुलगी उधारी, हरवलेली रक्कम किंवा कमी गुण सांगू लागली, तर प्रथम सारे ऐकून घ्यावे. हिशेब नंतरही करता येतो; भयाने लपविलेला आकडा मात्र व्याजासह वाढतो.