घरच्या घरी सँडिंग चकत्या

रोटरी टूलच्या तयार चकत्या बघता बघता झिजतात. त्या घरी कापायच्या तर कापडी पाठीचा पॉलिश पेपर घ्या. साधा कागद कडेने लगेच फाटतो. पाठीवर कंपासने वर्तुळ आखा. टोकाची खूण हाच मध्य, तिथे आधी भोक पाडा, मग चकती कापा. भोक मॅन्ड्रेलच्या, म्हणजे चकती धरणाऱ्या दांडीच्या, स्क्रूइतकंच हवं, सैल पडलं की चकती थरथरते. कात्री जुनीच बरी, धार जातेच. चकती स्क्रूवाल्या मॅन्ड्रेलवर आवळून बसवा. लाकडाला आधी 120 ग्रिट, शेवटचा हात 220चा. व्यास 20 मिमी पुरे: मिनिटाला 30,000 फेऱ्यांना एवढ्याशा चकतीची कडही ताशी 110 किमीहून जोरात पळते. सुरुवात कमी वेगावर, आणि गॉगल लावूनच. नुसता नंबरचा चष्मा चालणार नाही.