ओपनएसएसएलच्या परवान्याची तेवीस वर्षे

ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन यांनी १९९५च्या सुमारास लिहिलेल्या एसएसएलीय या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीस जो परवाना जोडला, तो प्रथमदर्शनी अत्यंत उदार होता. कारण व्यापारी कंपनीलासुद्धा ती आपल्या बंदिस्त उत्पादनात वापरण्याची मुभा होती आणि स्वतःचा कोड उघड करण्याचे बंधन कोणावरच नव्हते. परंतु जाहिरातीत कर्त्यांचा नामनिर्देश झालाच पाहिजे, आणि हा कोड दुसऱ्या परवान्याखाली, नाव घेऊन सांगायचे तर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली, नेता येणार नाही, अशी दोन कलमे त्याच दस्तऐवजात होती. आणि डिसेंबर १९९८ मध्ये याच कोडवर ओपनएसएसएल प्रकल्प सुरू झाला तेव्हा हा वारसा अटींसकट त्याच्याकडे आला.

जीपीएल आपल्या अटींपलीकडे कोणतेही जादा बंधन खपवून घेत नाही. साहजिकच त्या परवान्याखालील संगणक-कार्यक्रमांना ओपनएसएसएल जोडून वितरित करावयाचे, तर त्या कार्यक्रमांच्या कर्त्यांना खास सवलतीचा परिच्छेद लिहून द्यावा लागे. २००० साली ग्नूटीएलएस या तशाच दुसऱ्या लायब्ररीचे काम सुरू झाले, त्यामागे ही अडचण मोठी होती. एकाच कामाच्या दोन स्वतंत्र रचना असणे हितावह असले, तरी इतक्या कुशल माणसांचे श्रम एका कलमापायी दुसऱ्यांदा खर्ची पडावेत, याची मला आजही हळहळ वाटते.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरच्या सर्व्हरांना आधार देणारा हा प्रकल्प मूठभर माणसांवर आणि वर्षाकाठी सुमारे २००० डॉलरांच्या देणग्यांवर चालला होता, हे लोकांना कळले. उदार परवान्याचे हे फळ, असे पुष्कळांनी म्हटले. मला ते पटत नाही. जीपीएलसारखा कॉपीलेफ्ट परवाना वितरित केलेल्या सुधारणा उघड करण्यास भाग पाडतो, पण मूळ कोड बारकाईने वाचण्याची सक्ती तो करू शकत नाही. आणि स्वतःच्या सर्व्हरवर लायब्ररी केवळ चालवणाऱ्यास तर जीपीएलचे वितरणाचे कलम लागूच होत नाही. शिवाय गुप्त संभाषणास दोन टोके लागतात. म्हणून अशी लायब्ररी शत्रूमित्र सर्वांना विनासायास घेता यावी, हेच मला इष्ट वाटते.

मार्च २०१७ मध्ये प्रकल्पाने आपल्या योगदात्यांकडे अपाचे परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी संमती मागितली. उत्तर न आल्यास हरकत नाही असे धरले जाईल, या वाक्यावर ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या थिओ दि राट यांनी कठोर टीका केली, आणि ती न्याय्य होती, कारण मौनास संमती मानून दुसऱ्याचा हक्क हस्तांतरित होत नाही. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० नव्या परवान्यासह प्रसिद्ध झाले. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी या परवान्याचा मेळ बसतो. केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीस बांधलेल्या कार्यक्रमांची अडचण मात्र, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते, कायम आहे.