पाय अडकवणारा शब्द

बालमित्रांनो, ‘अडथळा’ या अर्थाचे इंग्रजी शब्द सांगा पाहू! ‘ऑब्स्टॅकल’, ‘हर्डल’ हे तर पटकन सुचतील. पण याच घरातला एक भारदस्त शब्द नेहमी मागे राहतो. तो म्हणजे ‘इम्पेडिमेंट’. स्पेलिंग लांबलचक, उच्चार अवघड! पण त्याच्या पोटात काय दडलंय हे एकदा कळलं, की तो काही विसरायचा नाही.

लॅटिन भाषेत पावलाला ‘पेस’ म्हणतात. त्याचंच दुसरं रूप ‘पेडिस’. सायकलचं ‘पेडल’ यावरूनच आलं आणि पायी चालणारा ‘पेडेस्ट्रियन’सुद्धा. संस्कृतमधला ‘पाद’ हा या ‘पेस’चा लांबचा भाऊ, आणि आपला ‘पाय’ आला तो या ‘पादा’वरून. म्हणजे नातं थेट आपल्या घरापर्यंत पोचलं की! लॅटिनमध्ये पाय अडकवण्याच्या क्रियेला ‘इम्पेदिरे’ म्हणत. त्यावरून ‘इम्पेडिमेंट’ म्हणजे पाय अडकवणारी गोष्ट.

आता गंमत बघा. ‘माझ्या कामात खोडा घालू नकोस,’ असं आपणही म्हणतोच ना? खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवून ठेवायचं भोकं पाडलेलं लाकूड. रोम कुठे, महाराष्ट्र कुठे! पण अडथळा म्हटल्यावर दोघांनाही आठवले ते अडकलेले पायच.

रोमन लोक सैन्याच्या सामानालाही ‘इम्पेडिमेंटा’ म्हणत. तंबू, धान्य, अवजारं, ओझ्याची जनावरं, सगळं त्यात आलं. सामानाशिवाय लढाई होत नाही आणि सामानामुळे फौजेला झपाझप चालताही येत नाही! इसवी सनापूर्वी ५७ या वर्षी ज्युलियस सीझर आजच्या बेल्जियमकडच्या नर्व्ही लोकांवर चालून गेला. त्याच्या प्रत्येक पलटणीमागे तिचं सामान चाले. शत्रूला ही बातमी लागली. सामान दिसलं, की पुढच्या एकट्या पलटणीवर तुटून पडायचं, असा बेत ठरला. पण शत्रू जवळ आल्यावर सीझरने आधी सहा पलटणी पुढे काढल्या आणि सगळं सामान त्यांच्या मागे एकत्र ठेवलं. सामान दिसताच नर्व्ही जंगलातून धावून आले, तेव्हा समोर एक नाही, सहा पलटणी उभ्या! तरीही लढाई फार चुरशीची झाली. शेवटी सीझर जिंकला.

मराठी फौजेतही यासाठी एक शब्द होता, ‘बुणगे’. सैन्याबरोबरचं जड सामान आणि न लढणारी माणसं म्हणजे बुणगे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर लढलेल्या सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, नोकरचाकर असे हजारो लोक होते. पराभवाची कारणं पुष्कळ आहेत. पण रसद तुटल्यावर एवढ्या सगळ्यांना खायला घालायचं कसं, हा प्रश्न भाऊंच्या पायातला खोडाच ठरला.

मग अडकलेले पाय सोडवायचे तर? त्यालाही लॅटिनमध्ये शब्द आहे, ‘एक्सपेदिरे’. त्यातूनच ‘एक्सपिडिशन’, म्हणजे मोहीम, हा शब्द निघाला. पाय मोकळे झाले, निघा मोहिमेवर!

आज ‘इम्पेडिमेंट’ हा शब्द बोलण्यातल्या अडचणीसाठीही वापरतात. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज अडखळत बोलायचे. राजा होण्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली, त्यांनी लायोनेल लोग या शिक्षकाकडे सराव सुरू केला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, त्या संध्याकाळी रेडिओवरून त्यांनीच देशाशी संवाद साधला. थांबत थांबत, पण शेवटपर्यंत.

तुमच्या वर्गातही असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल. उत्तर माहीत असतं, पण पहिलं अक्षरच ओठांवर अडून बसतं. मागच्या बाकावरून कोणीतरी फिदीफिदी हसतं, किंवा घाईघाईने तो शब्द आपणच सांगून टाकतं. दोस्तांनो, शब्दाचा अर्थ आठवा. पाय नाहीत असं नाही, ते नुसते अडकलेत. हसणं म्हणजे त्यात आणखी एक खोडा! त्यापेक्षा दोन क्षण थांबा आणि त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.