डॉक्टर शेजारी, तरी फोनच बरा

नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. म्हणजे झोप उडालेल्या, वाचलेलं डोक्यात शिरेनासं झालेल्या विद्यार्थ्याला मनोविकारतज्ज्ञ गाठायला एसटीसुद्धा लागत नाही. लागतं ते केसपेपर काढून त्या विभागाबाहेरच्या बाकावर बसण्याचं धाडस. बाकावर गावाकडचं कुणी भेटलं, तर संध्याकाळपर्यंत घरी कळलेलं असतं.

मोबाइलवरच्या मानसिक मदतीकडे मुलं बघतात ती या हिशेबाने. तिथे नाव सांगावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही कुणीतरी असतं. विद्यार्थ्यांच्या अनेक पाहण्यांमध्ये हीच कारणं पुढे येतात. मात्र त्याच मुलांना पसंती विचारली की बरेचजण समोरासमोरच्या भेटीकडे झुकतात. यात विसंगती नाही. माणूस हवाच आहे, पण ओळखीच्यांच्या नजरा चुकवून.

मराठवाड्यात या नजरा जरा जास्तच असतात, कारण इथे मुलाच्या गुणांवर सगळ्यांचं लक्ष असतं. डॉ. जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि पुढे नांदेडच्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठ १९९४चं, त्या महाविद्यालयाचा ‘लातूर पॅटर्न’ त्याआधीच गाजू लागला होता. सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेणाऱ्या या पॅटर्नने खेड्यातल्या मुलांना मेडिकलची दारं उघडून दिली, हे नाकारता येणार नाही. पण ‘नीट’मध्ये नंबर न लागलेला मुलगा बी.एस्सी.च्या वर्गात येतो तेव्हा त्याच्या दृष्टीने ते कॉलेज नसतं, हुकलेल्या गुणांचा निकाल असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत सर्वाधिक.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू झाली. १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जोडून देतो. सोय उत्तमच. अडचण निघते ती खोलीत. भाड्याच्या एका रूमवर तीन-चार पोरं, भिंतीपलीकडे घरमालक. रात्री दोनला फोन लावून रडायचं कुठे? गच्चीवर? बोलण्यापेक्षा टाइप करणं मुलांना सोपं वाटतं, त्यामागे लाजेइतकीच जागेचीही टंचाई आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही २०१२मध्ये सुरू झालेली सेवा फोनच्या जोडीला ईमेल आणि चॅटवरही मदत देत आली आहे, ती या दृष्टीने शहाणपणाची.

मग यंत्राशीच टाइप करून बोललं तर? याची परीक्षा २०१७मध्ये अमेरिकेत झाली. १८ ते २८ वयोगटातले ७० जण निवडून काहींना ‘वोबॉट’ हा चॅटबॉट दिला, उरलेल्यांना नैराश्यावरचं ई-पुस्तक. दोन आठवड्यांत चॅटबॉटवाल्यांची नैराश्याची लक्षणं पुस्तकवाल्यांपेक्षा कमी झाली; चिंता मात्र दोन्ही गटांत सारखीच ओसरली. चॅटबॉट विचारांच्या सवयी तपासायला शिकवत होता. ‘सगळं संपलं’ असं वाटतं तेव्हा नेमकं काय संपलं, हे कागदावर मांडायला लावण्याची ही बोधात्मक वर्तन उपचारपद्धती यंत्राला बऱ्यापैकी जमते.

पण दोन आठवडे म्हणजे काही सेमिस्टर नव्हे. २०१९च्या एका अभ्यासात ९३ मानसिक आरोग्य ॲप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा पंधराव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण जेमतेम ३.९ टक्के निघालं. खुद्द वोबॉटचं ॲपही जून २०२५अखेर बंद पडलं.

दरम्यान मुलं चॅटजीपीटीकडे वळली आहेत. ते या कामासाठी बनवलेलं नाही, तरी मराठीत उत्तर देतं आणि कधी कंटाळत नाही. त्याची खोड अशी की ते हो ला हो करतं, आणि खचलेल्या माणसापुढे मान डोलावणारा श्रोता धोक्याचा ठरू शकतो. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयनेच सांगितलं की, आठवड्याभरातल्या सुमारे ०.१५ टक्के वापरकर्त्यांच्या संभाषणात आत्महत्येच्या बेताची स्पष्ट चिन्हं दिसतात. आठवड्याला ८० कोटी वापरकर्ते धरले, तर ही माणसं दहा लाखांहून जास्त भरतात.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असं बजावलं. कोचिंग क्लासही त्यात आले. टेलि-मानससारखे नंबर वसतिगृहांत आणि वर्गांत ठळक लावायचे आहेत. फलक एका दिवसात लागेल. समुपदेशक मात्र प्राध्यापकांपैकीच कुणी असला, सकाळी हजेरी घेणारा आणि दुपारी मन मोकळं करायला बोलावणारा, तर पोरं पुन्हा मोबाइलच उघडतील. ती व्यक्ती बाहेरची असावी, आधी तिला चॅटवर गाठता यावं आणि भेट ठरली तर ती कॉलेजच्या मुख्य कॉरिडॉरमध्ये नसावी, एवढं तरी नांदेड-लातूरच्या कॉलेजांना जमण्यासारखं आहे.