रोज 93 माणसे, 366 वर्षे

कौंडण्यपुरात अंबामातेच्या देवळापाशी कोणालाही विचारा, तो सांगेल: दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने इथूनच रथात घेतले. एक राजकन्या गेली, ती कुठून गेली हे वर्धेकाठच्या या गावाने पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले.

आता नेल्या गेलेल्या इतर माणसांचा हिशेब. 1501 ते 1866 या काळात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे 1 कोटी 25 लाख माणसांना गुलाम म्हणून अटलांटिक पार करणाऱ्या जहाजांत कोंबले गेले. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाचही जिल्ह्यांची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या एकत्र केली, तरी ती 1 कोटी 13 लाखांच्या आतच राहते. म्हणजे सगळे वऱ्हाड रिकामे करूनही हा आकडा भरत नाही. सरासरी काढली तर रोज 93 माणसे, 366 वर्षे, एका दिवसाचाही खाडा नाही. पलीकडे जिवंत उतरली सुमारे 1 कोटी 7 लाख. वाटेत मेलेले 18 लाख, जवळजवळ अख्खा अकोला जिल्हा.

हे आकडे आज मांडता येतात, कारण व्यापाऱ्यांनी हिशेब चोख ठेवला. जहाजांच्या वह्या, जकातीच्या नोंदी, विम्याचे कागद चाळून अभ्यासकांनी सुमारे 36,000 फेऱ्यांची यादी केली आहे. माणसे मालाच्या खतावणीत सापडली.

ती उतरली कुठे? आज जो देश अमेरिका म्हणून ओळखला जातो, तिथे थेट आलेली 4 लाखांपेक्षा कमी, शंभरातली चारसुद्धा नाहीत. एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे 48 लाख. रिओ द जानेरोचा वलोंगो धक्का 1811 पासून बांधला गेला आणि तिथे अंदाजे 9 लाख माणसे उतरवली गेली. पुढे तो भरावाखाली गाडला गेला, 2011 मध्ये खोदकामात त्याचे दगड वर आले आणि 2017 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. अमेरिकेतही 2011 पासून अशा बंदरांवर स्मृतिफलक लावण्याचे काम चालू आहे.

आपल्या बाजूच्या समुद्रातही गुलामांची जहाजे फिरत होती. दख्खनच्या सुलतानांच्या फौजांसाठी आफ्रिकेतून हबशी आणले जात. त्यांतलाच एक इथिओपियाचा मुलगा मोखा बंदराच्या बाजारात 80 गिल्डरला विकला गेल्याचे एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेझखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम. त्याच्या पदरी असे हजार हबशी होते. त्या मुलाचे नाव मलिक अंबर. सुरुवातीला हाताशी 150 घोडेस्वार. ऐन भरात फौज 50,000 ची, त्यांत 10,000 हबशी आणि 40,000 दख्खनी. 1620 च्या सुमारास या फौजेने मोगलांना मेहकरवरून बाळापूरला, बाळापूरवरून बुऱ्हाणपूरला मागे रेटले. 80 गिल्डरच्या माणसाने जहांगीर बादशहाची झोप उडवली, तीही आपल्या वऱ्हाडात.

अडीचशे वर्षांनंतरची गोष्ट नाशिकची. इंग्रजी आरमाराने अरब गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या मिशनमध्ये वाढत होती. 1866 मध्ये त्यांतले 9 तरुण प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेवर गेले. आणखी काही 1872 मध्ये जाऊन मिळाले, त्यांत जेकब वेनराइट होता. 1873 मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचे काळीज एका झाडाखाली पुरले आणि जेकबने त्या झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. मग सुमारे नऊ महिने, 1,600 किलोमीटर, त्यांनी ते शव समुद्रापर्यंत वाहून नेले. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकबही होता.

दुसऱ्याचे नाव झाडावर कोरणाऱ्या त्या मुलांचे आपण देणे लागतो. नाशिकला शरणपूर रोडवर, कोकणात हबशी उतरत त्या चौलच्या बंदरावर आणि बाळापुरात एकेक दगड उभा राहायला हवा. त्यावर दोन ओळी पुरेत: ही माणसे कुठून आली, आणि ती स्वखुशीने आली नव्हती. वऱ्हाडातल्या इतिहास मंडळांनी आणि शाळांनी बाळापूरपासून सुरुवात करावी.