रुमाल, पुडकं, कागद : उत्रोलीतला एक कामाचा दिवस

सकाळी ६:३०

चहाच्या आधी रात्रीचा बॅकअप बघतो. सर्व्हर पुण्यात आणि मी भोरजवळ उत्रोलीत. एका संस्थेच्या जुन्या मराठी कागदपत्रांची सूची सांभाळणं हे माझं काम. ती झेडओडीबी या ऑब्जेक्ट डेटाबेसवर चालते. जिम फुल्टन यांनी पायथनसाठी तो घडवला. प्लोन ही वेबसाइट-प्रणाली आजही त्याच्यावरच उभी आहे.

सगळा डेटा एकाच फाइलमध्ये असतो. काही बदललं तरी जुनं खोडलं जात नाही, नवी नोंद फाइलच्या शेवटी जोडली जाते. त्यामुळे रेपोझो हे बॅकअपचं साधन कालपासून वाढलेला भागच उचलतं. स्कॅन केलेल्या प्रतिमा मात्र ब्लॉब म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि रेपोझो त्यांना हात लावत नाही. त्यांची प्रत वेगळी घ्यावी लागते. आज दोन्ही जागच्या जागी आहेत.

सकाळी ८:००

समोरच्या खाचरात लावणी सुरू आहे. मी खिडकीपाशी कोड उघडून बसतो.

जुनी दप्तरं कापडी रुमालात बांधलेली असतात. रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. एखाद्या कागदावर शिक्का असतो, एखाद्याचं मोडीतून बाळबोध झालेलं असतं, एखाद्याला तारीखच नसते. तक्त्यांच्या डेटाबेसात हे बसवायचं तर रुमालांचा तक्ता, पुडक्यांचा तक्ता, शिक्क्यांचा तक्ता, आणि प्रत्येक पान दाखवताना त्या सगळ्यांची जुळणी. इथे रुमाल हाच एक ऑब्जेक्ट असतो, त्याच्या पोटात पुडकी आणि पुडक्यांच्या पोटात कागद. प्रोग्रॅममध्ये जे जसं आहे, ते तसंच डिस्कवर जातं. वर्गाला ‘पर्सिस्टंट’ हा वारसा दिला आणि शेवटी कमिट केलं की काम झालं.

सोय अशी मोठी, पण वेगाचा सगळा हिशेबही याच मांडणीत अडकलेला असतो.

सकाळी ९:३०

संस्थेतल्या सूचीकार मॅडमचा फोन येतो.

“अहो, दोघी एकदम नोंदी करायला बसलो की एकीला हमखास ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं. आणि यादी उघडेपर्यंत चहा पिऊन होतो.”

“दोघी वेगवेगळ्या रुमालांवर काम करत होतात?”

“हो ना! म्हणून तर विचारते. साहेब म्हणतात, मोठा सर्व्हर घेऊया का? तुमचं मत मेलवर पाठवा.”

मत संध्याकाळी देतो म्हणतो. आधी तपासणी.

सकाळी १०:३०

सर्व्हरवरच्या फाइलची प्रत घेऊन तिच्यावर विश्लेषणाची स्क्रिप्ट चालवतो. कोणत्या वर्गाच्या नोंदींनी किती जागा खाल्ली, ते ती सांगते. कागद सर्वांत जास्त, म्हणून जागाही त्यांनीच खाल्ली असेल असं वाटतं. निघतं भलतंच. ‘सूची’ नावाच्या एका ऑब्जेक्टच्या आवृत्त्यांनीच फाइल फुगली आहे.

आधीच्या मंडळींनी कागद स्वतंत्र ऑब्जेक्ट केले, पण त्यांची यादी साध्या डिक्शनरीत ठेवली. साधी डिक्शनरी ज्या ऑब्जेक्टमध्ये असते त्याच्याच नोंदीत गुंडाळून लिहिली जाते. म्हणजे एक कागद वाढला की सगळी यादी पुन्हा डिस्कवर. एका गटाचा फेरफार नोंदवायला तलाठ्याने अख्ख्या गावाचे सातबारे नव्याने लिहून काढावेत, तशातला हा प्रकार.

मॅडमच्या तक्रारीचं उत्तरही इथेच सापडतं. रुमाल वेगळे असले तरी दोघींचा बदल शेवटी त्या एकाच यादीत येतो. पहिलीचं कमिट होतं. दुसरीच्या हातात त्याच ऑब्जेक्टची जुनी प्रत असते, म्हणून डेटाबेस तिला थांबवतो. डेटाबेसचं वागणं बरोबरच आहे.

दुपारी १२:००

उपाय म्हणजे बीट्री. दिसायला डिक्शनरीसारखीच, पण आतून छोट्या बकेटांत वाटलेली, आणि प्रत्येक बकेट डिस्कवर स्वतंत्र. पूर्णांकी चाव्यांच्या बीट्रीत एका बकेटमध्ये जास्तीत जास्त ६० नोंदी मावतात. नवा कागद आला की सहसा तेवढी एक बकेट लिहिली जाते, बाकी यादी जागची हलत नाही.

जुनी यादी नव्या रचनेत हलवणारी स्क्रिप्ट लिहितो. कागद गटागटाने घ्यायचे. प्रत्येक गटानंतर सेव्हपॉइंट, म्हणजे बदल तात्पुरते लिहून ठेवणं, मग कॅश, म्हणजे मेमरीतल्या प्रती, रिकामी. सेव्हपॉइंट आधी हवा, कारण बदललेला पण कुठेही न लिहिलेला ऑब्जेक्ट कॅशमधून काढता येत नाही. हा क्रम चुकला तर मेमरी भरत राहते.

दुपारी १:३०

जेवताना आई विचारते, “अजून त्याच कागदांचं चाललंय का रे?” त्याच कागदांचं, पण ती ज्यावर चालतात त्या ऑब्जेक्ट डेटाबेसच्या विद्येचं पुण्याशी नातं बरंच जुनं आहे.

१९८९ साली अ‍ॅटकिन्सन, बान्सिलाँ, डीविट प्रभृतींनी ऑब्जेक्ट डेटाबेस कशाला म्हणावं याचा जाहीरनामा मांडला. आनंद देशपांडे यांचं इंडियाना विद्यापीठातलं संशोधन एकात एक बसवलेल्या तक्त्यांच्या डेटाबेसवर होतं. १९९०मध्ये त्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. व्हर्सन्ट या अमेरिकी ऑब्जेक्ट डेटाबेस कंपनीचं विकासकेंद्रही पुण्यात होतं. तिने २००८मध्ये डीबीफोरओ हा दुसरा ऑब्जेक्ट डेटाबेस विकत घेतला, आणि २०१२मध्ये ती स्वतः अ‍ॅक्शियन या कंपनीकडे गेली. बाजार तक्त्यांच्या डेटाबेसांनीच जिंकला; पण रुमालात पुडकं असतं तिथे ही जुनी विद्या अजून उपयोगी पडते.

दुपारी २:३०

लाईट जाते. तालुक्यातच भाटघरला वीज तयार होते, पावसाळ्यात मात्र आमच्या वायरीत ती टिकत नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर दोन्ही चालतात.

बीट्रीतही एक खोच उरते. दोघींनी एकाच बकेटमध्ये वेगवेगळ्या चाव्या घातल्या तर ती भांडण आपसात मिटवते. पण त्याच वेळी बकेट भरून दुभंगली तर मिटवता येत नाही. आपले क्रमांक १, २, ३ असे चढते, त्यामुळे सगळ्यांच्या नोंदी कायम शेवटच्याच बकेटवर आदळणार.

म्हणून दप्तर क्रमांक आणि आतली चावी वेगळी करतो. क्रमांक हा कागदाचा एक गुण, तो सलगच राहील. चावी मात्र प्रत्येक प्रक्रियेला वेगळ्या, यादृच्छिक ठिकाणाहून सुरू करून देतो. दोघींच्या नोंदी आता निरनिराळ्या बकेटांत पडतील.

दुपारी ४:००

आता यादीच्या पानाकडे. मागवलेला ऑब्जेक्ट आधी नुसता पोकळ येतो. त्याला घोस्ट म्हणतात. त्याचा एखादा गुण वाचला की सगळी नोंद डिस्कवरून उतरते. आमचं पान फक्त शीर्षक आणि तारीख दाखवतं, पण त्यासाठी प्रत्येक कागद जागा करतं, बाळबोध केलेल्या मजकुरासकट. शीर्षक-तारखेची वेगळी अनुक्रमणिका करतो. यादी तिच्यावरूनच काढायची आणि कागद उघडला तरच त्याला जागं करायचं. ‘एकूण कागद’ हा आकडाही सगळ्या बकेटा फिरून मोजला जात होता. त्यासाठी लेंग्थ हा वेगळा मोजणी-ऑब्जेक्ट जोडतो.

मग कॅश. कुणी न बदललेली मर्यादा ४०० ऑब्जेक्टची आहे, आमच्या पसाऱ्याला ती अगदीच तोकडी. वाढवतो, पण बेताने. प्रत्येक कनेक्शनची कॅश वेगळी असते. वाढवलेला आकडा कनेक्शनच्या संख्येने गुणला जातो आणि मेमरी तेवढी लागते.

संध्याकाळी ६:३०

कार्यालय सुटल्यावर ताजा बॅकअप घेऊन बदल चढवतो. मॅडम थांबल्या आहेत. दोघी मुद्दाम एकाच वेळी नोंदी जतन करून बघतात.

“दोघींचं गेलं,” त्या सांगतात. “यादीही लगेच आली. आता पुढचा रुमाल सोडते.”

रात्री ९:३०

पॅक सुरू करतो. ठरलेल्या दिवसांपलीकडच्या जुन्या आवृत्त्या त्यात गळतात. काम चालू असताना ते करता येतं, मात्र डिस्कवर दुसऱ्या प्रतीएवढी जागा मोकळी हवी. पॅकनंतर फाइल नव्याने लिहिली जाते, म्हणून उद्या रेपोझो पूर्ण प्रत घेणार. तेवढी जागाही आधीच तपासली आहे.

शेवटी मेल लिहितो : “मोठा सर्व्हर सध्या नको. जास्त मेमरीने कॅश वाढली असती, पण एका कागदासाठी सगळी यादी लिहिणं थांबलं नसतं. नवी नोंद आल्यावर डिस्कवर काय काय लिहिलं जातं, ते आधी मोजावं. ते योग्य तेवढंच निघालं आणि तरीही संथ वाटलं, तर दरपत्रक मागवू.”